समुद्राकाठचं तळघर

"तळघर? पैसे देऊन घेतलंत?"

आईची ही पहिली प्रतिक्रिया. तिचं काही चुकलं नाही म्हणा. माझ्याबरोबरची मुलं पुण्यात टू बीएचके, कव्हर्ड पार्किंग, क्लब हाऊस असं घेत होती आणि आम्ही दोघांनी कर्ज काढून घेतलं काय, तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनला चिकटलेल्या होव्हमध्ये, १८२० च्या दशकातल्या एका जुन्या घराचा रस्त्याच्या पातळीखालचा मजला! जिथे एके काळी नोकरचाकर मालकांचा स्वयंपाक करायचे, तो भाग. आम्ही बघायला गेलो तेव्हा तिथे कुठल्याशा ऑफिसच्या जुन्या फायलींचे खोके रचलेले होते. बाथरूम नाही, ओटा नाही, भिंतींना नकाशासारखे ओलीचे डाग.

इथे मास्टर्स करायला आलो, मग नोकरी लागली, मग लग्न. दोघंही आयटीत, तरी भाडं भरून भरून जीव मेटाकुटीला आला होता. तयार फ्लॅट परवडत नव्हते. हे परवडत होतं, कारण कागदोपत्री हे घरच नव्हतं. पहिल्या बँकेने विचारलं, किचन आहे? नाही. बाथरूम? नाही. मग हे घर नाही, तर घरकर्ज कसलं मागताय? तिसरीकडे कसंबसं जमलं. मी बायकोला म्हटलं, "आपण इंजिनीअर आहोत, करून घेऊ काहीतरी." इंजिनीअर कॉम्प्युटरचा, हे ती नंतर वर्षभर मला आठवण करून देत होती. :)

आधी थोडं या वस्तीबद्दल. आमची गल्ली ब्रन्सविक चौकाला लागून आहे. तो चौक आणि त्याच्या पुढ्यातली समुद्रासमोरची घरांची रांग चार्ल्स बझबी नावाच्या आर्किटेक्टने १८२४ च्या सुमारास आखायला घेतली. समुद्रकाठी हवा खायला येणाऱ्या लंडनच्या श्रीमंतांसाठी ही घरं होती. पण गंमत बघा, दर्शनी बाजू बझबीने ठरवून दिली: खांब किती, गोलाई कशी, खिडक्या कुठे. मागचं घर मात्र ज्या त्या बांधणाऱ्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधलं. म्हणजे इंटरफेस फिक्स, इम्प्लिमेंटेशन तुमचं तुम्ही बघा! आमच्या धंद्यात 'फसाड पॅटर्न' म्हणतात तो अक्षरशः इथे उभा आहे. आजही चौकातल्या मालकांना दर पाच वर्षांनी दर्शनी भाग ठरलेल्या एकाच क्रीम रंगात रंगवावा लागतो. कायदाच आहे तसा. बाहेरून सगळं लग्नाच्या केकसारखं गुळगुळीत.

आणि आत? ते आम्हाला पहिल्याच शनिवारी कळलं.

मी हौसेने ड्रिल घेतलं आणि एक शेल्फ लावायला भिंतीत भोक पाडलं. आधी वरचा सिमेंटचा थर, तो टणक. मग अचानक ड्रिल भसकन आत. बाहेर आली वाळू, मग विटेचा चुरा, मग चक्क समुद्रकाठचा एक गोटा. बोटाएवढं भोक पाडायचं होतं, त्यात माझी मूठ जाईल एवढा खड्डा झाला. मी घाबरून ड्रिल ठेवून दिलं. डोक्यावर चार मजले, त्यात चार कुटुंबं, आणि खालच्या भिंतीतून वाळू गळतेय!

या मिश्रणाला इथे नाव आहे: बंगरूश. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या ब्रायटनची खासियत. फळ्यांचा साचा उभा करायचा, त्यात तुटक्या विटा, गारगोट्या, किनाऱ्यावरचे गोटे, वाळू, हाताला लागेल ते टाकायचं आणि चुन्यात घट्ट बसवायचं. वरून गिलावा चढवला की झाला राजवाडा. गावात विनोद आहे की, नेमका पाण्याचा पाइप मारला तर अर्धं ब्रायटन विरघळेल. विनोदात तथ्य आहे. ही भिंत फार भिजली तर खचते आणि अगदी कोरडी झाली तर भुगा होते. तिला थोडी ओल लागतेच. दोनशे वर्षं ती त्या मधल्या अवस्थेत उभी आहे.

आता परवानग्या. घर ग्रेड टू लिस्टेड आहे, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या सरकारी यादीत. बाहेरचं सोडाच, आतलं एखादं जुनं दार काढायचं तरी लेखी संमती लागते. न विचारता केलं तर नुसता दंड भरून सुटका नाही, तो फौजदारी गुन्हा आहे. नकाशे काढा, प्रत्येक बदल का हवा ते लिहा, आठ आठवडे थांबा. मी पहिला आराखडा केला तो टिपिकल आपल्यासारखा. मोठी खोली मधोमध पार्टिशन घालून दोन बेडरूम, दगडी फरशी उखडून टाइल्स, जुनं लाकडी फडताळ बाहेर. महापालिकेच्या वारसा विभागातून एक बाई पाहणीला आल्या. तासभर काही बोलल्या नाहीत. मग फडताळावर हात ठेवून म्हणाल्या, "हे इथे तुमच्या आधीपासून आहे."

बस्स, एवढंच. आराखडा नापास.

त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही चौकात जाऊन आलो. तिथे तेरा नंबरचं घर एक संस्था मूळच्या रूपात आणते आहे आणि दहा नंबरच्या तळघरात नोकरांचा मजला जवळजवळ जुन्या अवस्थेत जपलाय. स्वयंपाकघर, दगडी फरशी, बाहेर फुटपाथखाली कोळशाची कोठारं. बायको तिथे बराच वेळ नुसती उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "आपण खोली कापायची नाही." मी म्हटलं, मग झोपायचं कुठे? ती म्हणाली, "ज्या खोलीत चार बायका दिवसभर राबायच्या, तिथे दोन माणसं झोपू शकत नाहीत का?"

दुसरा आराखडा तिने केला. मोठी खोली एकच राहिली: स्वयंपाक, जेवण, बसणं सगळं तिथेच. बाथरूम गेलं जुन्या मोरीत, कारण सांडपाण्याचा उतार आधीपासून तिकडेच होता. मागच्या छोट्या कोठीत झोपायची खोली. फडताळात आता आमचे डाळ-तांदळाचे डबे आहेत. मंजुरी आली.

प्रश्न राहिला ओलीचा. मी तीन जणांकडून कोटेशनं मागवली. दोघांनी सांगितलं, भिंतीवर वॉटरप्रूफ थर चढवा, वर बोर्ड ठोका, काही दिसणार नाही. तिसरा साठीचा गवंडी, चुन्याचं काम करणारा. त्याने भिंतीवर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, आधी हे सिमेंट काढा. हे कुणीतरी पन्नासेक वर्षांपूर्वी चांगल्या हेतूने केलेलं दिसतंय आणि त्यानेच भिंत सडतेय.

मला पटेना. सिमेंट पाणी अडवतं, मग त्याने ओल वाढेल कशी? त्याने समजावलं ते असं. या भिंतीत पाणी येणारच. खालून जमिनीतून येतं, बाजूने पावसाचं येतं, समुद्राची हवा मीठ घेऊन येते. पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी हळूहळू उडून जायचं. चुना सच्छिद्र असतो. सिमेंट लावल्यावर बाहेर पडायची वाट बंद झाली, मग पाणी भिंतीतच वर चढत गेलं. क्षारांचे खडे होऊन फुगतात, ते आता पृष्ठभागावर न येता सिमेंटच्या मागे फुगतात आणि वीट फोडतात. चुन्याचा गिलावा हा खर्ची घालायचाच थर. काही वर्षांनी तो खराब होतो, तो बदलायचा, भिंत वाचते. शेवटी तो म्हणाला, "पाण्याला यायला बंदी करू नका. त्याची जायची वाट तेवढी मोकळी ठेवा."

मग चालू झालं आमचं हातोडा-छिन्नीचं पर्व. गवंड्याने दाखवून दिलं तसं, दर शनिवार-रविवार, मास्क लावून, भिंतीला धक्का न लावता सिमेंट सोलायचं. मग भिंत सुकायला सोडून द्यायची. जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना, हा त्याचा हिशोब. दोन आठवड्यांचे स्प्रिंट आखणाऱ्या माणसाला हा केवढा अपमान! त्यानंतर चुन्याचे थर. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरतो, त्याला घाई चालत नाही. लवकर वाळू नये म्हणून ओली गोणपाटं टांगायची.

अशाच एका रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. मी धुळीने पांढरा.

"काय रे, काय चाललंय?"

"सिमेंट काढतोय, बाबा. चुना लावणार."

"सिमेंट काढतोयस?" ते थांबले. "का?"

आणि मी उत्साहात सगळं व्याख्यान दिलं. ओल, मीठ, वाट, सगळं. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की पलीकडून आवाज येत नाहीये.

गुहागरला आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. चिऱ्याचं, वर कौलं, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीमागे समुद्र. १९९९ साली बाबांनी पीएफमधून पैसे काढून त्याला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. माझ्या लहानपणीची ती मोठी घटना. चुन्याच्या पोपड्यांची भिंत गुळगुळीत झाली, आजी दिवसभर तिच्यावरून हात फिरवत होती. आणि गेली दहा वर्षं त्याच भिंतींना लोणा लागतोय. माजघरात गिलावा फुगून पडतो, बाबा जातात, परत सिमेंट लावतात. ठाण्याचे काका म्हणतात, घरात आता दम नाही, पाडून स्लॅबचं बांधू, खोल्या पर्यटकांना देऊ. बाबा म्हणतात, चिरा असा मरत नाही. दोघं त्यावरून दोन गणपती एकमेकांशी धड बोललेले नाहीत.

आणि मी सात हजार किलोमीटरवरून त्यांना सांगत होतो की, तुमच्या पीएफनेच ते घर आजारी पडलंय.

"नेटवर्क नाहीये," असं म्हणून बाबांनी फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं.

त्या रात्री मी काही काम केलं नाही. खाली समुद्रावर जाऊन बसलो. ब्रन्सविकच्या समुद्रासमोरच्या रांगेशेजारी एम्बसी कोर्ट नावाची अकरा मजली काँक्रीटची इमारत आहे, वेल्स कोट्स या आर्किटेक्टची, १९३५ सालची. तेव्हा ती इतकी आधुनिक वाटली की, सगळा किनाराच असा करून टाकू, असं म्हणणारे लोक होते. १९४५ मध्ये होव्हच्या नगरपालिकेने ब्रन्सविकची घरं पाडून तिथे फ्लॅटच्या नव्या इमारती बांधायचा बेत खरंच मांडला होता. लोक एकत्र आले, त्यातून रीजन्सी सोसायटी उभी राहिली आणि घरं वाचली. एम्बसी कोर्टची मात्र खाऱ्या हवेने पार दशा झाली होती. तिथल्या रहिवाशांनीच जोर लावला आणि २००५ च्या सुमारास ती दुरुस्त झाली. म्हणजे समुद्र कोणालाच सोडत नाही, ना बंगरूशला, ना काँक्रीटला. इमारत टिकते ती दर काही वर्षांनी कुणीतरी खर्च करतं म्हणून. आमच्याच घराचं बघा. छप्पर माझ्यापासून चार मजले वर, मला त्यातून आभाळ दिसणार नाही की गळणार नाही, तरी कौलांच्या दुरुस्तीत माझा पाचवा हिस्सा आहे. पहिलं बिल आलं तेव्हा चडफडलो होतो. वरच्या आजी शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या भिंतीवर आम्ही उभे आहोत, आमच्या छपराखाली तू."

दोन दिवसांनी मी बाबांना फोन केला. म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. तेव्हा गावात सगळेच सिमेंट लावत होते."

"तुझं काय चुकलं? खरं तेच बोललास," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "ते चुन्यात वाळू किती घालतात रे?"

आम्ही मे महिन्यात राहायला आलो. भिंती अजून जराशा थंड लागतात, पण तो कुबट वास गेला. शेल्फ मात्र अजून लावलेलं नाही, माझी हिंमत होत नाही.

आणि गेल्या आठवड्यात बाबांचा व्हॉट्सअ‍ॅप आला. गुहागरच्या मागच्या दाराजवळची भिंत, फूटभर चौकोन सोललेला, आत लालसर चिरा. शेजारी हातात छिन्नी घेऊन गवंडी. आणि फोटोच्या कडेला अर्धवट आलेले ठाण्याचे काका, कमरेवर हात ठेवून, वाकून बघताना.

खाली बाबांनी लिहिलं होतं, "ओला आहे. पण शाबूत आहे."