परसातला खुळखुळा

खुळखुळा हे कोकणात वाळूत, माळावर, रस्त्याच्या कडेला पावसाळ्यात आपसूक उगवणारे शेंगावर्गीय रानझुडूप. शास्त्रीय नाव क्रोटालारिया रेटुसा. उंची मीटरभर, पानाच्या टोकाला हलकी खाच, शेंड्याला पिवळ्या फुलांचा तुरा. रोपवाटिकेत ते सहसा मिळत नाही. आमच्या परसातले झुडूप रस्त्याकडेच्या वाळक्या शेंगांतून आले.

बियांचे कवच टणक असते. तशाच पेरल्या तर काही लगेच रुजतात, काही पुढच्या मृगाची वाट पाहत पडून राहतात. म्हणून सँडपेपरवर हलक्या घासून रात्रभर भिजवाव्या. न फुगलेल्या पुन्हा घासाव्या. पाऊस लागला की भर उन्हाच्या जागी थेट पेरणी करावी, कारण सोटमूळ दुखावलेले रोप नीट धरत नाही. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन स्थिर करतात, त्यामुळे खताची गरज जवळजवळ नसते. पाणी साचलेले मात्र खपत नाही.

परागीभवनाचे काम प्रामुख्याने लाकूड पोखरणाऱ्या काळ्या भुंग्याचे. फुलाच्या खालच्या दोन पाकळ्या जुळून होडीसारख्या होतात. भुंगा बसला की वजनाने होडी दबते आणि तिच्या चोचीतून पराग पिळून त्याच्या पोटाला लागतो; तो उडाला की पाकळ्या पूर्ववत होतात. हलक्या किड्यांना हे जमत नाही.

ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर ही फुलपाखरे येतात ती मधासाठी नव्हे. त्यांना हवी असतात पानाखोडातली कडू अल्कलॉइडे, आणि येणारे बहुतेक नरच असतात. जखमी किंवा सुकलेले पान ते पायांनी खरवडतात, सोंडेतून द्रव सोडून तोच पुन्हा शोषतात. त्यातून मादीला भुलवणारा गंध तयार होतो, शिवाय अंगात मुरलेला कडूपणा पक्ष्यांना दूर ठेवतो. आमच्याकडे टवटवीत फांदीपेक्षा मोडून लोंबणाऱ्या फांदीवरच गर्दी जास्त. नीटनेटक्या बागेच्या हौशीने ती छाटू नये.

हीच अल्कलॉइडे गुरांच्या यकृताला घातक असल्याने झुडूप गोठ्यापासून आणि वैरणीपासून लांब लावावे. हिरव्या शेंगा पोखरणाऱ्या अळ्या पतंगांच्या आणि पी ब्लू या चिमुकल्या निळसर फुलपाखराच्या असतात. त्यांच्यावर औषध फवारले तर झाड लावण्याचा हेतूच बुडतो. उरलेल्या शेंगा काळ्या पडून हलवल्यावर वाजू लागल्या की तडकण्याआधी खुडाव्या आणि बी कोरड्या डब्यात ठेवावे.