बर्फातली वाट

'स्कीइंग' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हिंदी सिनेमातला हिरो, लाल स्वेटर, गुलमर्गचा उतार आणि मागे लागलेला व्हिलन! मी ज्या स्कीइंगबद्दल लिहिणार आहे त्यात यातलं काहीही नाही. रोपवे नाही, उंच कडा नाही, हिरॉईन तर नाहीच नाही. आपल्याकडे संध्याकाळी काका-काकू जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारतात ना, तसंच शहरातल्या बागेत, जवळजवळ सपाट जमिनीवर, पायात लांब स्की घालून फेऱ्या मारायच्या. याला क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणतात. संपादक मंडळाने "सर, अमेरिकेचा अनुभव लिहा" असा आग्रह धरला. पगार, व्हिसा आणि जीआरईवर लिहिणारे माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत, म्हणून मी हा विषय निवडला.

आधी माझी ओळख. मी मेकॅनिकलचा, २०१७ च्या बॅचचा. राहायला कळंबोलीतच, पण अर्धा मुक्काम हॉस्टेलवर, कारण सबमिशनच्या रात्री तिथेच साजऱ्या व्हायच्या. वडील, म्हणजे आमचे अण्णा, लोखंड बाजारात माथाडी कामगार. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. ऑगस्ट २०१८ मध्ये एज्युकेशन लोन काढून मी एम.एस.साठी मिनियापोलिसला गेलो.

तिथला हिवाळा म्हणजे काय प्रकार असतो हे मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं. डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारला सूर्य मावळतो. लॅबमध्ये शिरताना अंधार, बाहेर पडताना अंधार. ३० जानेवारी २०१९ ला तर पारा उणे ३० सेल्सियसच्याही खाली गेला! खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरला होता. रूम ते लॅब, लॅब ते रूम. हळूहळू भूक कमी झाली, झोप उडाली, फोनवर आईशी बोलायचाही कंटाळा यायला लागला. एक दिवस डिपार्टमेंटला मेल लिहायला बसलो, की मला हे जमत नाही, मी परत जातो. लोनचा आकडा आठवून तो मेल ड्राफ्टमध्येच पडून राहिला. पण रोज रात्री उघडून वाचायचो, एखादा शब्द बदलायचो.

माझा रूममेट नागपूरचा. बोलायला फटकळ, मनाने लोणी. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्याने माझं पांघरूण ओढलं आणि म्हणाला, "चल बे, बाहेर चल. नाहीतर इथंच लोणचं होईल तुझं." बसने आम्ही थिओडोर वर्थ पार्कला पोचलो. हे मिनियापोलिसमधलं सर्वांत मोठं पार्क, ७०० एकरांहून मोठं. त्या फेब्रुवारीत शहरात ३९ इंच, म्हणजे जवळपास एक मीटर बर्फ पडला होता. तिथल्या नोंदींतला तो सर्वांत बर्फाळ फेब्रुवारी. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात तिथे पांढरीशुभ्र चादर, आणि त्या चादरीवर कुणीतरी फूटपट्टी धरून ओढल्यासारख्या दोन समांतर रेघा, वळण घेत घेत झाडीत शिरलेल्या. मला क्षणभर मीटरगेजचे रूळ वाटले!

आता इंजिनिअरिंगवाल्यांसाठी थोडी थिअरी (वायवाला विचारणार नाहीत, घाबरू नका). ही वाट आपोआप होत नाही. रोलर आणि टिलर लावलेलं, रुंद पट्ट्यांवर चालणारं मशीन रात्री फिरतं. ते बर्फ फोडतं, दाबतं, सपाट करतं, आणि मागे लावलेला साचा त्यात स्कीच्या मापाच्या दोन खाचा पाडतो. हे सगळं शक्यतो रात्रीच का? कारण ताज्या दाबलेल्या बर्फाला काही तास निवांत ठेवावं लागतं. फोडलेले कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्यामधले पूल जाड होत जातात. आपण पावडर मेटलर्जीत शिकतो तेच सिंटरिंग! धातूची पावडर भट्टीत घालावी लागते, बर्फाला तशी गरज नाही, कारण तो वितळणबिंदूच्या अगदी जवळच असतो. रात्रभर वाट 'पिकते' आणि सकाळी तिच्यावरून माणसं जातात, तरी ढासळत नाही.

स्कीची गंमत तर याहून भारी. पुढे सरकायला घर्षण नको, आणि मागे रेटा द्यायला घर्षण हवंच. दोन्ही एकाच पट्टीत कसं साधायचं? स्की मध्यभागी कमानीसारखी उचललेली असते, आणि त्या भागाखाली चिकट मेण लावतात. वजन दोन्ही पायांवर विभागलेलं असलं की कमान वर राहते, मेण बर्फाला टेकत नाही आणि स्की घसरते. एका पायावर पूर्ण भार देऊन दाबलं की कमान सपाट होते, मेण बर्फाला धरतं आणि रेटा मिळतो. म्हणजे आपली लीफ स्प्रिंगच की! लोखंड बाजारात ट्रेलरखाली वाकून जे पाहिलं होतं ते तिथे पायाखाली भेटलं.

पहिल्या दिवशी मी किती वेळा पडलो ते मोजणं मी सातव्या वेळेनंतर सोडलं. सहा-सात वर्षांची पोरं बाजूने सुळकन जात होती. एक आजीबाई, सत्तरीच्या तरी असतील, थांबून म्हणाल्या की गुडघे वाकव, खाली बघू नकोस, पुढे बघ. मग पडून जो खड्डा झाला होता तो स्कीने भरायला लावला. तिथला नियमच आहे तसा. आपण पाडलेला खड्डा आपण भरायचा, नाहीतर मागून येणारा त्यात अडकतो. दुसरा नियम, खाचांवरून बुटांनी चालायचं नाही, कारण पावलांचे खळगे गोठले की वाट खराब. तिसरा नियम, उतारावरून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. पोलीस उभा नसतो, पण बहुतेक सगळे पाळतात.

त्या रात्री, बऱ्याच दिवसांनी, मला भूक लागली. दोघांनी मिळून अख्खा कुकर खिचडी संपवली. पुढच्या शनिवारी रूममेटला मीच उठवलं. मग बुधवारी संध्याकाळीही जायला लागलो, कारण तिथे दिवे लावलेली वाट आहे. अंधार तोच होता, थंडी तीच होती. फक्त तिच्यात जायला आता एक जागा होती. मार्चमध्ये कधीतरी तो ड्राफ्ट मी डिलीट केला. स्कीइंगने माझं आयुष्य बदललं वगैरे फिल्मी वाक्य मी लिहिणार नाही. गाईडशी बोललो, युनिव्हर्सिटीच्या समुपदेशकांकडे गेलो, त्याचाही वाटा मोठा आहे. पण दारातून बाहेर पडायचं कारण त्या दोन रेघांनी दिलं.

या वाटांसाठी पास काढावा लागतो. हे फोनवर सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "आरं, बर्फात चालायचं, आन् त्याचं पैसं द्यायचं?" मी सांगितलं, की रात्री मशीन फिरतं, माणसं जागतात, त्याचे पैसे. अण्णा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "रातपाळी हाय व्हय त्यांची? मग द्याया पायजेत." माथाडी माणसाला एवढं पुरे असतं!

ज्यांच्या नावाने हे पार्क आहे ते थिओडोर वर्थ मूळचे स्वित्झर्लंडचे. १९०६ ते १९३५ ते मिनियापोलिसच्या उद्यान खात्याचे प्रमुख होते. प्रत्येक मुलाला घरापासून पाव मैलाच्या आत खेळायला जागा हवी, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे तिथेही बागा आपोआप उगवल्या नाहीत, कुणीतरी हट्ट धरला म्हणून झाल्या.

मार्च २०२० मध्ये याच पार्कात क्रॉस-कंट्रीचा वर्ल्ड कप व्हायचा होता. मी वाटेवर झेंडे लावायच्या कामाला स्वयंसेवक म्हणून नाव दिलं होतं. कोविड आला आणि अगदी तोंडावर आलेली स्पर्धा रद्द झाली. पुढच्या वर्षी मी कळंबोलीला परत आलो आणि तळोजा एमआयडीसीत नोकरीला लागलो. ती स्पर्धा अखेर १७ आणि १८ फेब्रुवारी २०२४ ला झाली. २००१ नंतर अमेरिकेतला हा पहिलाच क्रॉस-कंट्री वर्ल्ड कप. आणि नशीब बघा, तो हिवाळा नेमका उबदार निघाला! पाणी आणि दाबलेली हवा फवारून बनवलेल्या बर्फाची वाट, आणि तिच्या कडेने हजारो माणसं. आपल्याकडे रात्र होती, मी लॅपटॉपवर बघत होतो. अलास्काचा तेवीस वर्षांचा गस शूमाकर १० किलोमीटर जिंकला आणि मी ओरडलो तेव्हा अण्णा दचकून उठले.

आपल्याही देशाची माणसं या खेळात आहेत बरं का. ताशी लुंडुप २०१० ला, नदीम इक्बाल २०१४ ला आणि जगदीश सिंग २०१८ ला हिवाळी ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री धावले. पदकापासून फार लांब, पण धावले.

आता कोणी म्हणेल, कळंबोलीत बर्फ कुठला? आपल्याकडे आहेत ट्रेलर, लोखंडाचा आवाज, एक्स्प्रेस-वेचं तोंड आणि पावसाळ्यात गुडघाभर पाणी. कबूल. पण अण्णा आता रिटायर झालेत, शुगर आहे, डॉक्टरांनी रोज चार किलोमीटर चालायला सांगितलंय. रस्त्यावर चालायची सोय नाही, म्हणून ते पहाटे आमच्या सेक्टरच्या बागेतल्या ट्रॅकवर जातात. मीही जातो. तिथे पाचच्याही आधी एक मावशी खराट्याने तो ट्रॅक झाडत असतात. कडेला पाचोळ्याचे ढीग, आणि मातीवर खराट्याच्या समांतर रेघा. अण्णा त्यांना रोज "झाला का च्या?" विचारल्याशिवाय पहिली फेरी सुरू करत नाहीत.

हॉस्टेलवाल्या मित्रांनो, संध्याकाळी त्याच ट्रॅकवर तुमच्या बाइक लावलेल्या असतात आणि वेफर्सची पाकिटं पडलेली असतात. मी लेक्चर देणार नाही, लेक्चर किती ऐकता ते मला माहीत आहे. एवढंच सांगतो, बाइक गेटबाहेर लावा. आणि तुमच्या विंगमध्ये कोणी जेवायला येईनासा झाला असेल, दिवसभर पांघरुणात असेल, तर एखाद्या पहाटे त्याचं पांघरूण ओढा आणि त्याला घेऊन या. ट्रॅक झाडलेला असतो.

— एक माजी विद्यार्थी, मेकॅनिकल