गेरासिमचे खांदे

बाबांच्या यकृतातली गाठ पसरली होती. डॉक्टरांनी ते मला आणि भावाला व्हरांड्यात सांगितलं. आत येऊन आम्ही बाबांना म्हणालो, "सूज आहे, औषधानं उतरेल." मग आई, शेजारीपाजारी, सगळेच तसं बोलू लागले. बाबा नुसते मान हलवत.

रात्री उशाशी मी बसायचो. बाबांचा डोळा लागला की टॉलस्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' वाचायचो. १८८६ची ही छोटी कादंबरी कॉलेजात वाचली होती, तेव्हा ती एका पोकळ सरकारी आयुष्याची गोष्ट वाटली होती. पडदे लावताना न्यायाधीश इव्हान शिडीवरून घसरतो, कुशीला मार बसतो आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मरणाला टेकतो. माणूस मर्त्य आहे, कायस माणूस आहे, म्हणून कायस मर्त्य आहे. तर्कशास्त्राच्या पुस्तकातलं हे त्याला पटतं. पण तो कायस थोडाच आहे? तो चामड्याच्या पट्टेरी चेंडूचा वास आवडणारा छोटा वान्या आहे! हायडेगरनं आपल्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात या कादंबरीची नोंद तळटीपेत घेतली, ती मरण नेहमी दुसऱ्याचंच समजण्याच्या या सवयीपाशीच.

मला मात्र त्या रात्री वेगळंच पान बोचलं. दुखण्याइतकंच इव्हानला छळतं ते भोवतालचं खोटं. सगळ्यांना ठाऊक, त्यालाही ठाऊक, तरी तो फक्त आजारी आहे असं सोंग त्यानंही वठवायचं. एकटा गेरासिम, घरातला खेडवळ गडी, ते करत नाही. मालकाला बरं वाटावं म्हणून तो त्याचे पाय रात्र रात्र खांद्यावर घेऊन बसतो. आपण सगळेच मरणार, मग एवढं करायला काय हरकत, असं तो सहज बोलून जातो. इव्हानला त्याच्यापाशीच निवांत वाटतं.

मी पुस्तक मिटलं. बाबांच्या भोवतीचं खोटं मीच उभारलं होतं.

पहाटे त्यांनी विचारलं, "सूज उतरतेय का रे?"

"नाही बाबा. गाठ आहे. पसरलीय."

ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. मी त्यांचे सुजलेले पाय मांडीवर घेतले आणि हळूहळू चोळत बसलो. बाहेर दूधवाल्याची सायकल वाजली.

"आक्काला बोलावून घे," ते म्हणाले. आत्याशी ते अकरा वर्षं बोलले नव्हते.