बेंचवर नाहीये मी!

आयटीवाल्यांना 'बेंच' म्हणजे काय ते सांगायला नको. पगार चालू, कार्ड स्वाइप चालू, पण हातात प्रोजेक्ट नाही. एकोणतिसाव्या वर्षी लग्न न झालेल्या माणसाकडे लोक साधारण ह्याच नजरेने बघतात. खरं आयुष्य अजून सुरू व्हायचंय, तोवर बसा! आमच्याकडे, म्हणजे नगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळींत, तर जरा जास्तच. उपासना सुटली की देवळाच्या पायरीवर आधी "सलाम" आणि लगेच, "काय मग, यंदा तरी?"

गेल्या मे महिन्यात धाकट्या भावाचं लग्न झालं. मी मनापासून नाचलो. पाहुणे पांगल्यावर आई हळूच म्हणाली, "तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते रे." बाकीचे टोमणे हसून सोडता येतात, हे मात्र लागलं. कारण तीच प्रार्थना मीही चार वर्षं करत होतो आणि उत्तर काही येत नव्हतं.

अशा वेळी लोक म्हणतात, "धीर धर, देवाने तुझ्यासाठी कुणीतरी राखून ठेवलंय." त्यांची माया खरी, पण असं वचन मला तरी शास्त्रात सापडलेलं नाही. जे सापडलं ते वेगळंच आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल अविवाहित राहण्यालाही देवाचं दानच म्हणतो. तो स्वतः तेव्हा एकटाच होता. आणि येशूने तर लग्न केलंच नाही. त्याचं आयुष्य अपुरं होतं असं म्हणायची कुणाची छाती आहे?

फिलिप्पैकरांस लिहिलेलं पत्र तर कैदेतलं. त्यात पौल म्हणतो की असेल त्या परिस्थितीत समाधानी राहायला मी शिकलोय. 'शिकलोय' हा शब्द मला फार धीर देतो. म्हणजे हे समाधान त्याच्यातही आधीपासून इन्स्टॉल केलेलं नव्हतं! आणि त्याच अध्यायात तो एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीबद्दल आभारही मानतो. थोडक्यात, समाधानी असणं म्हणजे 'मला कुणाची गरज नाही' असा ताठा नव्हे.

नगरहून पुण्याला रेल्वेने येताना दौंडनंतर केडगाव लागतं (नगरजवळचं केडगाव वेगळं). पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. 1882 मध्ये नवरा गेला तेव्हा त्या विशीतच होत्या, पदरी तान्ही मुलगी. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. 1896-97 च्या दुष्काळात शेकडो निराधार बायका-मुलींना आसरा दिला. हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. 1921 मध्ये मुलगी मनोरमाही गेली, आणि 1922 मध्ये त्या स्वतः. ते दुःख छोटं करायचं नाहीये मला. पण त्या बाईंचं आयुष्य थांबलेलं होतं असं कोण म्हणेल?

आपण काही रमाबाई नव्हे. आपली उडी हिंजवडी ते वाकड! पण 'लग्न झाल्यावर बघू' म्हणून ठेवलेल्या गोष्टी मी आता सुरू केल्यात. चार माणसांना जेवायला बोलावता येतील एवढी ताटं घेतली. चर्चमधल्या दोन मुलांना शनिवारी गणित शिकवतो. शेजारच्या आजोबांना महिन्यातून एकदा दवाखान्यात नेतो. त्यांना माझी गरज असते, आणि खरं सांगू, मलाही त्यांची असते.

म्हणून एकटेपणा गेला का? छे! आजारपणात खिचडी स्वतःच टाकायची असते, तेव्हा तो शेजारीच येऊन बसतो. मी आजन्म ब्रह्मचर्याची शपथही घेतलेली नाही. उद्या कुणी भेटलीच तर आनंदच आहे. फक्त प्रार्थना बदललीय. पूर्वी 'कधी?' विचारायचो, आता 'आज काय?' विचारतो. ह्याचं उत्तर बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत मिळतं. आई तिची प्रार्थना चालू ठेवते, तिला मी अडवत नाही.

असो. लग्न झालेल्या मंडळींना एकच विनंती. ह्या रविवारी एखाद्या एकट्या मित्राला जेवायला बोलवा. स्थळ न सुचवता!