वाटेचा हक्क

परळच्या भोईवाड्यात राहणाऱ्यांना डोंगर सहसा दिसत नाही. आमच्या चाळीच्या गच्चीवरून पूर्वी गिरण्यांची धुराडी दिसायची, आता टॉवर दिसतात. वस्तीच्या नावात मात्र भोई आहेत. दुसऱ्याचे ओझे खांद्यावर घेऊन वाट तुडवणारी ती माणसे. आमची मुले जिन्याचे तीन मजले चढली की दमतात. म्हणूनच गेल्या पावसाळ्यात चाळीतल्या पाच कुटुंबांनी ठरवले की एक दिवस सर्वांनी मिळून डोंगर चढायचा. दादरहून पहाटेची कर्जत लोकल धरायची, नेरळला उतरायचे आणि माथेरानच्या वाटेने चालत जमेल तितके वर जायचे.

माथेरान निवडण्याचे कारण आमचे थोरले चाचा. नेरळची छोटी गाडी आपल्याच एका माणसाने आणली, हे ते आम्हाला लहानपणापासून सांगत आले आहेत. ते खरे आहे. मुंबईचे दानशूर व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी या रेल्वेसाठी पैसा घातला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेले. १९०७ साली गाडी सुरू झाली. सुमारे २० किलोमीटरचा तो वळणावळणाचा मार्ग आजही समुद्रसपाटीपासून ८०० मीटर उंचीवरच्या गावात नेऊन सोडतो. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते, तेव्हा पायीच जायचे ठरले. ते आम्हाला हवेच होते.

ऑगस्टमधला तो दिवस फार छान गेला. जुम्मापट्टीच्या बाजूला डोंगरावरून पाण्याच्या धारा कोसळत होत्या. मुले भिजली, बायकांनी पहिल्यांदाच डोंगरात बसून मोकळ्या आवाजात गप्पा मारल्या. वाटेच्या कडेला एका झाडाखाली आम्ही पुलाव आणि कबाब काढले. पत्रावळी होत्या चकचकीत कागदाच्या, आणि ग्लास होते रमजानमधल्या इफ्तारीसाठी आणलेल्यांपैकी उरलेले, हिरवे प्लास्टिकचे. जेवण होते न होते तोच पावसाची सर आली. लोकल गाठायची घाई होती. सगळा कचरा एका पिशवीत भरून आम्ही ती झाडाला बांधली. कोणीतरी उचलेल, असे कोणीतरी म्हणाले. आम्ही सर्वांनी ते ऐकले आणि सर्वांनी मान्य केले.

डिसेंबरच्या सुट्टीत मुलांनी पुन्हा हट्ट धरला, म्हणून आम्ही पुन्हा गेलो. त्या झाडापासून थोडे वर एक मावशी लिंबू सरबत विकत बसल्या होत्या. माथेरानच्या डोंगराभोवती ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, त्यांपैकी एका वाडीतल्या त्या. भाजी, दूध, सरपण घेऊन वर बाजारात जायचे आणि संध्याकाळी उतरायचे, हा तिथल्या कितीतरी जणांचा रोजचा क्रम. सरबत देताना मावशी जपून बसायला सांगत होत्या, कारण तिथे वाट अर्धीअधिक खचली होती. आम्ही कारण विचारले.

त्यांनी वाटेशेजारचा चर दाखवला. डोंगरावरचे पाणी वाटेवर येऊ नये म्हणून बाजूने चर काढलेला असतो. तो तुंबला की पाणी वाटेवरून धावते आणि तांबडी माती कापून नेते. एका पावसात फार होत नाही, पण सगळा पावसाळा तसाच गेला की वाटेची घळ होते. मावशी म्हणाल्या, “माकडांनी पिशव्या फाडल्या, सगळं चरात आलं. मी भाजीच्या पाटीसकट घसरले. पंधरा दिस गुडघा धरून बसले.” चरातून काढलेला ढीग अजून शेजारीच पडला होता. त्यात चिवड्याची पाकिटे होती, बाटल्या होत्या, आणि चिखलाने माखलेले पाच-सहा हिरवे ग्लास होते.

आमच्यातली एक मुलगी पटकन बोलून गेली, “अम्मी, हे आपले इफ्तारीचे!”

त्यानंतर काही वेळ कोणीच बोलले नाही. ढिगात इतरांचाही कचरा होता, चर एकट्या आमच्यामुळे तुंबला असे नव्हते. पण तसे म्हणण्याची कोणाची हिंमत झाली नाही.

वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच एक भाग आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्या मुलांना मदरशात पहिल्या काही धड्यांतच मिळते. लोकांच्या येण्याजाण्याची वाट आणि त्यांच्या बसण्याची सावली घाण करणाऱ्यांबद्दल हदीसमध्ये किती कडक इशारा आहे, हेही आपण जाणतो. परंतु ‘वाट’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोहल्ल्यातली गल्ली येते. डोंगरातली पायवाट आपल्याला सहलीची जागा वाटते, कोणाची तरी रोजची वाट वाटत नाही. शिवाय हे प्रकरण फक्त निसर्गाचे नव्हते. ते हुकूकुल-इबादचे होते, म्हणजे बंद्यांच्या हक्काचे. अल्लाहच्या हक्कात झालेली चूक तौबा केल्याने तो माफ करील अशी आशा असते. बंद्याचा हक्क मारला तर त्या बंद्याकडेच जावे लागते.

चाचा उठले. मावशींसमोर जाऊन म्हणाले, “ताई, यात आमचाही कचरा आहे. आम्हाला माफ करा.” मावशींना आधी काही कळेना. मग त्या हसल्या. “शहरातली मानसं येतात, टाकतात, जातात. परत येऊन कुनी सांगत न्हाई,” त्या म्हणाल्या. “झालं ते झालं. आता पुढल्या बारीला पोतं घेऊन या.”

पोते नव्हतेच. आम्ही चादरीत बांधून तो ढीग नेरळपर्यंत उतरवला. मोठ्या मुलांनी दगडांनी चराची कड थोडी नीट केली. जोहरची वेळ झाली तेव्हा प्रत्येकाने अर्ध्या बाटलीत वुजू केला. वाहत्या नदीकाठीसुद्धा पाणी वाया घालवू नये, ही शिकवण डोंगरावर पाणी पाठीवर वाहून नेताना नीट समजते.

माथेरानचा परिसर ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. या डोंगराचे पाण्यापुढे किती चालते, हे २६ जुलै २००५ च्या पावसाने दाखवले. पीरभॉय यांच्या रेल्वेचे रूळ ठिकठिकाणी वाहून गेले, आणि गाडी पुन्हा धावायला २००७ साल उजाडले. जिथे लोखंडी रूळ टिकत नाहीत तिथे मातीच्या पायवाटेची काय कथा?

तेव्हापासून आमचे काही नियम ठरले आहेत. जेवण घरच्या डब्यात, पाणी स्टीलच्या ग्लासात, खाली कापडी दस्तरखान. नेलेले सर्व परत आणायचे, फळांच्या सालीसुद्धा, कारण त्यांच्या वासाने माकडे वाटेवर येतात आणि पिशव्यांवर झडप घालू लागतात. माकडांना हाताने खायला द्यायचे नाही. वळणाची वाट सोडून सरळ उतरायचे नाही, कारण चोरवाटेने माणूस उतरतो तसेच पावसाचे पाणीही उतरते. स्पीकर घरी ठेवायचा. आणि दोन रिकामी पोती सोबत न्यायची, एक आपल्या कचऱ्यासाठी आणि एक दुसऱ्यांच्या. दुसरे पोते भरायला मुलांमध्ये चढाओढ लागते. त्यांना तो सदका आहे असे सांगितले आहे, आणि तो आहेच.

त्यानंतर आम्ही आणखी एकदा जाऊन आलो. मावशींनी लांबूनच पोती पाहिली आणि सरबताचे ग्लास मांडले. काचेचे होते. पैसे देऊ लागलो तर लहान मुलांचे घेतले नाहीत. निघताना चाचांनी विचारले, “ताई, गुडघा कसा आहे?” त्या म्हणाल्या, “चढाला दुखतो अजून.”

घरी आल्यावर उरलेले हिरवे ग्लास मोजले. चाळीस निघाले. ते आता चाळीच्या गॅलरीत आहेत. मुलांनी त्यांत तुळस, पुदिना आणि कोथिंबीर लावली आहे. येत्या रमजानमध्ये इफ्तारीचे सरबत स्टीलच्या ग्लासातून वाटायचे ठरले आहे, इन्शाअल्लाह. धुण्याची पाळी प्रत्येक घरावर येईल. त्याबद्दल अजून तरी कोणी कुरकूर केलेली नाही.