उलट्या आट्याचे नट

जुनी जीप खोलायला घेतली की आधी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलटे फिरतात. चाक पुढे पळताना नट सैल पडू नयेत म्हणून विलीजवाल्यांनी डावीकडे उलटे आटे दिले. बोल्टच्या टोकावर त्याची खूण असते, पण अकरा वर्षांच्या गंजाखाली ती कुठली दिसायला! शहाद्याहून आलेल्या मेकॅनिक चाचांनी पान्हा उचलायच्या आधीच विचारलं, "बेटा, डाव्या बाजूला कोणी जोर तर नाही ना लावला?" कुणीच लावला नव्हता. आबा गेल्यापासून खळ्यातल्या त्या जीपमध्ये फक्त कोंबड्या चढत होत्या.

जीप 1968ची, महिंद्राची सीजे-थ्री-बी. तिचं बोनेट कपाळासारखं उंच आहे, आणि ते दिसण्यासाठी नाही. आत जे हरिकेन इंजिन बसवायचं होतं त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि जुन्या बोनेटखाली मावेना, म्हणून बोनेट वर उचललं. अमेरिकेत हे मॉडेल 1953ला आलं आणि 1968ला बंद झालं. आपल्याकडे मात्र महिंद्रानं ते पुढे कितीतरी वर्षं चालवलं. इन्स्टाग्रामवर चकाचक जीपा दिसतात ना, त्यातल्या बऱ्याच हिच्याच बहिणी.

आमची कधीच चकाचक नव्हती. आबा तिच्यातून म्हसावदहून धडगावच्या बाजाराला माणसं न्यायचे. हरिकेन पेट्रोल प्यायचं, भाडं परवडेना, म्हणून त्यांनी ते काढून प्यूजोच्या डिझाइनचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन बसवलं आणि आरसी बुकात चढवूनही घेतलं. मागे लोखंडी पायरी वेल्ड केली, वर धरायला पाइप टाकला. पायरीवर उभे राहणारे धरून सतरा माणसं बसायची. बसायची म्हणजे मावायची. पाड्यावरून बांबूच्या झोळीत आणलेला आजारी माणूस रस्त्याला लागला की पुढचा प्रवास याच जीपमधून व्हायचा. त्या फेरीचे आबा पैसे घेत नसत, आणि आजी त्यावरून भांडत असे. आजीचंही चूक नव्हतं, डिझेल काही फुकट मिळत नव्हतं.

इंजिन जाम होतं. चाचांनी नोझल काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल ओतलं आणि म्हणाले, "आता आठ दिवस विसरून जा." मग रोज थोडं पुढे, थोडं मागे. जोर लावायचा नाही. दहाव्या दिवशी क्रँक बोटभर हलली, त्या दिवशी मी जेवलेच नाही, नुसती तिथेच बसून राहिले. पत्र्याचं काम वाईट निघालं. ड्रायव्हरच्या पायाखालची चाळणी झालेली. चेसिस मात्र शाबूत, तारेच्या ब्रशनं घासून रेड ऑक्साइड मारलं की झालं. ब्रेकचे चारही सिलिंडर बाद. पाट्यांमधल्या पिना आणि बुश दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवले.

खरी अडचण पुढे आली. मूळ हरिकेन इंजिन आबांनी विकलंच नव्हतं. ते गोदामात, मिरचीच्या पोत्यांमागे, गोणपाटात गुंडाळलेलं सापडलं. सुरतचे काका फोनवर म्हणाले, "तेच बसव. ओरिजिनल कर. किंमत दुप्पट होईल." 2021च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. आणि नोंदणी मिळाली तरी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, तेल भरणं, एवढंच.

म्हणजे पायरी कापायची, पाइप काढायचा, डिझेल इंजिन उतरवायचं आणि जीप ताडपत्रीखाली ठेवायची. मला हे पटेना. ओरिजिनल म्हणजे कारखान्यातून निघाली तो दिवस, हे ठरवलं कुणी? या जीपचं आयुष्य त्या पायरीनंतर सुरू झालं. पण वीस हजारांच्या फीपलीकडे काका म्हणतात ती किंमत खरी आहे, आणि आमच्यावर पीककर्जही खरं आहे.

पप्पांचं मत वेगळंच होतं. "भंगारात दे. ती घरी उभी असली की आबा घरी, एवढंच मला लहानपणी माहीत होतं. आणि ती कधी उभी नसायची." त्यांनी महिनाभर खळ्याकडे पाहिलं नाही. एका संध्याकाळी पायरीचं वेल्डिंग तपासायला मी ग्राइंडर आणला, तर आवाज ऐकून बाहेर आले. त्यांना वाटलं मी कापतेय. "राहू दे ती," म्हणाले. "उजवीकडचा टाका माझा आहे. आबांनी नववीत असताना मारायला लावला होता." टाका खरंच बेढब आहे, मेणबत्ती वितळल्यासारखा.

हरिकेन पुन्हा गोणपाटात गेलं. सुरतच्या काकांना पप्पांनीच फोन केला. काय बोलले, मी विचारलं नाही. काका अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

जीप म्हसावदपर्यंत जाऊन आली. पन्नासच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, चाचा म्हणतात किंगपिनची बेअरिंग गेलीत. ती आल्याशिवाय चांदसैलीचा घाट नाही. पार्सल अजून दिल्लीतच अडकलंय, आणि पप्पा रोज विचारतात, आलं का.