'तमस' पाहिली तेव्हा

ऐंशीच्या दशकात वाढलेल्यांना टीव्हीचं लाकडी शटर आठवत असेल. दोन्ही बाजूंनी ओढायचं, मध्ये कुलूप, वर क्रोशाचा रुमाल. परीक्षा जवळ आली की किल्ली आईकडे जायची. तरी आम्हा भावंडांची आवड त्या कुलपानं घडली नाही. ती घडली शेजारी बसलेल्या मोठ्यांमुळे.

दूरदर्शनवरचं 'गजरा', 'छायागीत' सगळ्यांनी मिळून पाहायचं. शेजारचेही यायचे, दारात चपलांचा ढीग व्हायचा. पडद्यावर काही नको ते दिसलं की काकू म्हणायची, "जा रे, पाणी आण." पाणी येईपर्यंत प्रसंग सरलेला असायचा, प्रश्न मात्र मनातच राहायचा.

जानेवारी १९८८ मध्ये 'तमस' लागली तेव्हा तसं झालं नाही. गोविंद निहलानींची फाळणीवरची ही मालिका थांबवा म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्तींनी ती आधी स्वतः पूर्ण पाहिली, मगच परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयानंही ती परवानगी कायम ठेवली. बाबांनी ही बातमी मोठ्यानं वाचून दाखवली, पण मालिका तोवर सुरू झाली होती. आम्ही तेरा-चौदा वर्षांचे. "पोरं बघतील, पण मी सोबत बसेन," ते सुरुवातीलाच म्हणाले होते. दुसऱ्याच्या सांगण्यावरून डुक्कर मारण्याचा तो लांबलेला प्रसंग, ओम पुरींचा घामेजलेला चेहरा... धाकटीला बघवेना, ती उठून आजीकडे गेली. तिला कुणी अडवलं नाही, चिडवलंही नाही. भाग संपल्यावर दादानं विचारलं, "मारायला सांगणारा स्वतः कुठाय?" बाबांनी टीव्ही बंद केला आणि अंथरुणावर बसून उशिरापर्यंत बोलणं चाललं. नको वाटलं तर उठायचं, आणि पाहिलं तर विचारायचं, हे दोन्ही आम्ही त्या खोलीत शिकलो.

आता आमची मुलं त्या वयाची आहेत. २०२१ च्या नियमांनी ओटीटीवर १३+, १६+ अशा वयाच्या पाट्या आल्या, पालकांसाठी लॉकही आलं. ते लावावंच. पण कानात इअरफोन घालून एकट्यानं पाहणाऱ्या मुलाला प्रश्न पडला तर शेजारी कुणीच नसतं, याची मला जास्त काळजी वाटते.

मावसबहिणीनं सोळा वर्षांच्या लेकासोबत 'अ‍ॅडोलसन्स' पाहिली. तेरा वर्षांच्या मुलावर शाळेतल्या मुलीच्या खुनाचा आरोप येतो, अशी ती चार भागांची ब्रिटिश मालिका. तिसऱ्या भागानंतर लेक आपणहून बोलला, वर्गातल्या ग्रुपवर मुलींबद्दल काय काय लिहितात ते. तिनं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. पुढची मालिका तो निवडणार आणि आई ती शेवटपर्यंत पाहणार, असं दोघांचं ठरलंय.